जूनमधला एक बुधवार : ‘मिसेस डॅलोवे’च्या गाववाचनाच्या प्रकल्प नोंदी

२५ जानेवारी २०२५, शनिवार

आज इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फचा जन्मदिवस, साल १८८२. संध्याकाळी वाचनालयात आमचं वाचक मंडळ जमलं. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, त्यामुळे बायका कमीच होत्या, पण ठरवायचं ते ठरलं. येत्या १४ मे रोजी तिची ‘मिसेस डॅलोवे’ प्रसिद्ध झाल्याला शंभर वर्षं होतात. ही कादंबरी आपण वाचनापुरती मराठीत उतरवायची आणि एका दिवसात गावासमोर मोठ्यानं वाचायची.

दिवस कोणता यावर फार खल झाला नाही. कादंबरी १९२३च्या जूनमधल्या एका बुधवारी सकाळी सुरू होते आणि त्याच रात्री संपते. इंग्लंडातले तिचे वाचकही जूनच्या मध्यावर ‘डॅलोवे डे’ पाळतात. यंदा १८ जूनला बुधवार आहे. गुरुजींनी मात्र लगेच अडवलं : “मृगात कोन बसन बाप्पा कादंबरी आयकत? पानी आला का सारे वावरात.” हा मुद्दा खराच आहे. तारीख ठेवली, उत्तर नंतर शोधू.

गावात अजूनही विचारतात की मराठीत एवढे लेखक असताना ही लंडनची बाईच कशाला. एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरून वाचनालयाला आलेल्या खोक्यात तिची पुस्तकं होती, मंडळाची सुरुवात तिथून झाली. पण ते निमित्त. खरं कारण असं की या बाईनं बावन्नाव्या वर्षात पाऊल टाकलेल्या एका गृहिणीचा एक साधा दिवस घेतला आणि तो अख्ख्या कादंबरीला पुरतो हे लिहून दाखवलं. आमच्या गावात असे दिवस काढणाऱ्या बायका घरोघर आहेत.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

हक्कांचं बघून घेतलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. वुल्फ २८ मार्च १९४१ रोजी गेली, म्हणजे २००१ संपलं तेव्हाच तिचं लेखन भारतात खुलं झालं. कुणाची परवानगी लागत नाही.

कामाची वाटणी अशी : तालुक्याच्या कॉलेजातले इंग्रजीचे सर कच्चा खर्डा देणार, मी तो तोंडात बसेल असा करणार, आणि शिवणवाल्या काकू पहिल्या श्रोत्या. एका ऐकण्यात काकूंना जे लागणार नाही ते परत माझ्याकडे. ग्रंथपाल दादा टाइप करणार.

कादंबरीत प्रकरणं नाहीत. कुठे थांबायचं हा प्रश्न होता, तो सरांनी सोडवला. पुस्तकभर लंडनच्या बिग बेन या घड्याळाचे टोले पडत राहतात, तेच धरायचे. (लिहिताना वुल्फनं कादंबरीचं नाव ‘द अवर्स’ असंच ठेवलं होतं.) सकाळी क्लॅरिसा, म्हणजेच मिसेस डॅलोवे, फुलं आणायला निघते. साडेअकराचा टोला पडतो तेव्हा तिचा जुना मित्र पीटर वॉल्श तिच्या दिवाणखान्यातून बाहेर पडत असतो. बाराला युद्धातून परतलेला सेप्टिमस आणि त्याची बायको रेझिया मोठ्या डॉक्टरकडे पोचतात. दीडला लेडी ब्रूटनकडे जेवण. तीनला क्लॅरिसाचा नवरा रिचर्ड गुलाब घेऊन घरी येतो. सहाला सेप्टिमस जगात नसतो. मग रात्रीची पार्टी.

आपणही याच वेळांना वाचायचं, असं काकू म्हणाल्या आणि गुरुजींच्या हरकतीचं उत्तर सापडलं. दिवसभर कुणीच बसू शकत नाही, पण स्वयंपाक आटोपून कुणी साडेअकराला येईल, वावरातून परतलेलं कुणी सहाला. ज्याला जो टोला जमेल तो त्याचा. दर वाचनाआधी मागचं थोडक्यात सांगायचं.

२ मार्च २०२५, रविवार

पहिली चाचणी. सुरुवातीची पानं वाचली. क्लॅरिसा दाराबाहेर पडते, सकाळची हवा अंगाला लागते आणि त्याच वाक्यात ती अठरा वर्षांची होऊन बोर्टनच्या माहेरच्या घरात काचेची दारं ढकलत असते. मग पीटरचं काहीतरी कोबीबद्दलचं बोलणं, मग पुन्हा रस्ता, शेजारी, टोले.

सरांना धाकधूक होती की लोक गोंधळतील. विद्यापीठात हे पुस्तक अवघड म्हणून शिकवतात. मराठीतही मर्ढेकरांनी १९४२ साली ‘रात्रीचा दिवस’ ही कादंबरी संज्ञाप्रवाहाच्या, म्हणजे मनात विचार जसे येतील तसे मांडत जायच्या वाटेनं लिहिली, तर तिला दुर्बोध म्हणून बाजूला सारणारेच जास्त निघाले. इथे कुणीही गोंधळलं नाही. कापूस वेचताना बायका बोलतात ते याच चालीनं : हातातल्या बोंडावरून माहेरच्या विहिरीवर, तिथून लेकीच्या फीवर, आणि मध्येच “ओळ सुटली पाय तुही”. काकूंना एकच हरकत होती, आणि ती माणसांच्या नावांची होती. एका पानात इतकी नावं येतात की कोण कुणाचं ते राहत नाही. त्यावर उपाय म्हणून फळ्यावर घरं काढायची आणि त्यात माणसं लिहायची ठरलं.

वाक्यांच्या लांबीचं मात्र सोपं नाही. अर्धविरामांवर तोललेलं तिचं वाक्य तोडलं तर अर्थ राहतो, पण चालणं जातं. मी ती वाक्यं लांबच ठेवते आहे आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीनं रेघ मारते आहे. वाचणाऱ्यानं सराव करावा. ऐकणाऱ्याला तेवढं मिळालं पाहिजे.

२३ मार्च २०२५, रविवार

पीटर वॉल्शचा भाग. हा हिंदुस्थानातून लंडनला परत आलेला साहेब. त्याच्याबद्दल एक ओझरता उल्लेख आहे : आपल्या जिल्ह्यात त्यानं एक नांगर शोधून काढला होता, इंग्लंडहून एकचाकी ढकलगाड्या मागवल्या होत्या, पण मजूर त्या वापरायला तयार नव्हते. लंडनमध्ये वाचणारा यावरून पुढे जातो. इथे वाचन थांबलं ते पुन्हा सुरूच झालं नाही.

मागे बसलेल्या आजोबांनी विचारलं, जमीन कोणती होती? पुस्तकात ते नाही. “मंग तो नांगरबी चालला नसन, यात मजुराचा काय गुन्हा?” आणि त्यांनी समजावून सांगितलं. आपल्या भारी काळ्या जमिनीत जुने लोक दरसाल नांगर घालत नसत. तण फार माजलं तरच नांगरायचं, एरवी वखराच्या पाळ्या. उन्हाळ्यात ही माती स्वतःच भेगाळते, खालची वर येते. ओली असताना जड नांगर घातला तर ढेकळं निघतात आणि ती फोडता फोडता बैल मरतात. “त्या साहेबानं आधी एक पावसाळा पाहाले पायजे होता.”

सर म्हणाले, वुल्फला नेमकं हेच दाखवायचं असेल : पीटर मनानं चांगला आहे, पण ज्यांच्यासाठी करतो त्यांना विचारत नाही. मला वाटतं ती एवढा विचार करून लिहीत नसावी. हिंदुस्थान तिच्यासाठी दूरचाच होता. तिचा नवरा लेनर्ड १९०४ ते १९११ सिलोनमध्ये सरकारी नोकरीत होता आणि तिथल्या एका खेड्यावर त्यानं १९१३ साली कादंबरी लिहिली. अशा अधिकाऱ्यांच्या गोष्टी तिच्या घरातच होत्या. एवढं मात्र नक्की की त्या एका ओळीत मजुरांचा नकार तिनं नोंदवून ठेवला, आणि शंभर वर्षांनी त्याचं कारण सांगणारा माणूस आमच्या वाचनालयात बसला होता. आजोबांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत रजिस्टरमध्ये लिहून घेतलं आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

आज सगळ्यात अवघड बैठक. सेप्टिमसचं काय करायचं?

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी : सेप्टिमस वॉरन स्मिथ पहिल्या महायुद्धातून परतलेला तरुण कारकून. त्याचा वरिष्ठ आणि मित्र इव्हान्स युद्ध संपता संपता इटलीत मारला गेला. आता सेप्टिमसला तो झाडांमागून बोलताना ऐकू येतो. डॉ. होम्स सांगतात, याला काहीही झालेलं नाही. मोठे डॉक्टर सर विल्यम ब्रॅडशॉ पाऊण तास देतात, ‘प्रमाणबद्धता’ हरवली म्हणतात आणि त्याला बायकोपासून दूर, एका विश्रामगृहात पाठवायचं ठरवून टाकतात. संध्याकाळी होम्स जिना चढून येत असताना सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो. होम्स ओरडतात, “भेकड!”

हे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात मोठ्यानं वाचायचं आहे. श्रोत्यांत अशी घरं असणार जिथे हे घडलेलं आहे. गाळावं असं दोघांचं मत पडलं. गाळलं तर मग ही कादंबरी वाचूच नये, असं मी म्हणाले. वुल्फनं स्वतः १९२८च्या प्रस्तावनेत लिहिलं आहे की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच, क्लॅरिसाच स्वतःला संपवणार होती किंवा पार्टीच्या शेवटी मरणार होती. म्हणजे क्लॅरिसा जगते ती त्याच्यामुळे. त्याला काढलं तर उरते ती फुलं आणि पार्टी.

आशा सेविकेनं मार्ग सांगितला. खचलेल्या शेतकरी घरांसाठीच्या सरकारी प्रेरणा प्रकल्पाच्या कामात त्या घरोघर जाऊन विचारपूस करतातच. अशा घरांतल्या बायकांना आधी भेटायचं, काय वाचणार ते सांगायचं, यायचं की नाही ते त्यांच्यावर सोडायचं. मृत्यूचं वर्णन फार लांबवायचं नाही. सहाच्या वाचनाला ती स्वतः हजर राहणार, आणि टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर दिवसभर राहणार. सगळ्यांनी मान्य केलं.

२७ एप्रिल २०२५, रविवार

आशा सेविका आणि मी वस्तीवरच्या ताईंकडे गेलो. नाव लिहीत नाही. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी गोष्ट तोंडी सांगायला लागले, तर ताई म्हणाल्या, वाचूनच दाखवा. मग शेवटची दुपार वाचली.

रेझिया मिलानची, टोप्या शिवणारी. घरमालकिणीच्या लेकीसाठी ती टोपी करते आहे. सेप्टिमस कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा बोलतो, टोपी फारच लहान आहे म्हणून थट्टा करतो, फिती आणि फुलं स्वतः मांडून देतो, रेझिया ती शिवते. दोघं हसतात. आणि त्यानंतर थोड्याच वेळात होम्स येतात.

ताई टोपीच्या जागी थांबवत म्हणाल्या, “असंच होते. त्या दिवशी यायनं चहा मांडला होता, सोताच्या हातानं.” पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी ‘भेकड’ या बोलण्याबद्दल विचारलं, डॉक्टर खरंच असं म्हणतो का. हो म्हटलं. त्यावर त्यांनी आपली गोष्ट सांगितली. शेतकऱ्यानं जीव दिला की चौकशी होते. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, वसुलीचा तगादा होता का, हे बघून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाखाची मदत. ताईंकडे जमीन सासऱ्यांच्या नावावर होती. प्रकरण अपात्र. “माणूस गेला तो गेला, पन त्याचं मरनंही कागदावर बसलं नाही.”

ब्रॅडशॉचा पाऊण तास मी आधी अनेकदा वाचला आहे. दुसऱ्याच्या दुःखाचं माप घेऊन निकाल देणारा माणूस म्हणून तो मला कळत होता. पण त्या निकालाखाली पुढची वर्षं कोण काढतं, हे मला ताईंच्या ओसरीवर समजलं.

निघताना त्या म्हणाल्या, सहाच्या वाचनाला येईन, आणि रेझियाचं मीच वाचीन.

१४ मे २०२५, बुधवार

प्रकाशनाला शंभर वर्षं. ऊन असं की दुपारी कुणी बाहेर पडत नाही, म्हणून सकाळी सातलाच जमलो. पुस्तिका टाचली : ग्रंथपाल दादांनी टाइप केलेला मराठी मजकूर, झेरॉक्स, सुई-दोरा. मूळ पुस्तक वुल्फ दांपत्याच्या स्वतःच्या होगार्थ प्रेसनं काढलं होतं आणि मुखपृष्ठ तिच्या बहिणीचं, व्हनेसा बेलचं. १९१७मध्ये ती छापणी जेवणाच्या टेबलावर एका हातयंत्रावर सुरू झाली, हे काकूंना फार आवडलं. पाठीच्या शिवणीचं काम त्यांनीच केलं आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ केलं.

१ जून २०२५, रविवार

मुलींची तालीम. क्लॅरिसाची लेक एलिझाबेथ, तिचा भाग त्यांनी मागून घेतला. ती सतरा वर्षांची, एकटीच बसच्या वरच्या मजल्यावर चढते आणि शहरातून जाताना ठरवते : मी डॉक्टर होईन, नाहीतर शेतकरी. मुलींनी हे दोनदा वाचायला लावलं. लंडनच्या श्रीमंत घरातली मुलगी मनानं शेतकरी व्हायचं म्हणते, याचं त्यांना नवल वाटलं. एकीनं विचारलं, तिला वावर मिळेल का तिच्या नावावर? या प्रश्नावर पुढे अर्धा तास चर्चा झाली, वारसाहक्कापर्यंत गेली. बारावीच्या मुलीला हा भाग दिला. ती रोज एसटीनं कॉलेजला जाते, आणि वाचताना तिला कुठे थांबावं हे सांगावं लागत नाही.

११ जून २०२५, बुधवार

काल वटपौर्णिमा झाली. पाऊस मेच्या शेवटीच मुंबईत पोचला आणि आपल्याकडे येता येता थबकला. काहींनी धूळपेरणी केली आहे, बाकीचे आभाळाकडे बघताहेत. त्यामुळे लोक येतील असं दिसतं, पण अशा कारणानं ते यावेत हे बरं वाटत नाही.

विदर्भातल्या शाळा २३ तारखेला उघडतात, म्हणून जिल्हा परिषद शाळेची पडवी मिळाली. टोल्यांसाठी शाळेचीच घंटा.

ताईंनी आज एक सूचना मांडली. त्यांनी पुस्तिका घरी नेऊन लेकाकडून शेवटपर्यंत वाचून घेतली होती. त्यांचं म्हणणं : सहाला होम्स रेझियाला काहीतरी गोड औषध पाजतात, ती गुंगीत जाते, आणि मग पुस्तकात परत येतच नाही. रात्री पार्टीत ब्रॅडशॉ आणि त्याची बायको ‘एका तरुणानं जीव दिला’ म्हणून सांगतात, क्लॅरिसा बाजूच्या खोलीत जाऊन त्या तरुणाचा विचार करते, पण “त्याच्या बायकोचं नाव कोनी घेतलं का?” कुणीच नाही. म्हणून पार्टी झाल्यावर शेवटी रेझियाची टोपी पुन्हा वाचायची आणि तिथे दिवस संपवायचा.

मी विरोध केला. वुल्फनं शेवट क्लॅरिसावर केला आहे, पीटरला ती समोर दिसते आणि पुस्तक थांबतं. ते आपण हलवू नये. शिवाय रेझियाचं हे नाहीसं होणं लेखिकेनं मुद्दाम ठेवलं आहे असं मला वाटतं. त्या दिवाणखान्यात मरणाची बातमी पोचते, मागे राहिलेली बाई पोचत नाही, हेच ती दाखवते आहे. सरांना वाटतं की तिचं रेझियाकडे दुर्लक्ष झालं. ताई म्हणाल्या, दाखवलं असो की विसरली असो, ऐकणाऱ्याला सांगायला तर पाहिजे. हे म्हणणं खोडता येणार नाही. शेवट पुस्तकाप्रमाणेच राहील, आणि रेझियासाठी वेगळी संध्याकाळ ठेवायची, असं ठरलं.

१८ जून २०२५, बुधवार

सकाळपासून ढग. दहाला घंटा देऊन गुरुजींनी सुरुवात केली. आता पुस्तिकेची राखण त्यांच्याकडेच आहे.

पहिल्या तासाला म्हातारी माणसं जास्त. विमान आकाशात धुरानं अक्षरं काढतं आणि रस्त्यावरचे सगळे मान वर करून ती लावायचा प्रयत्न करतात, त्या जागी पडवीतली पोरंही वर बघायला लागली. साडेअकराला बायकांनी पडवी भरली. पीटर आणि क्लॅरिसाच्या भेटीत तो चाकू उघडझाप करत बसतो आणि ती सुई-दोरा धरून हिरवा ड्रेस शिवत असते, हे काकूंनी वाचलं. दीडचं जेवण आम्ही पटकन उरकलं. लेडी ब्रूटनचं कॅनडाला माणसं पाठवायचं पत्र इथे कुणाला धरून ठेवत नाही.

तीनला रिचर्ड. तो बायकोला “माझं तुझ्यावर प्रेम आहे” म्हणायचं ठरवून रस्ताभर चालत येतो, हातात तांबडे-पांढरे गुलाब, आणि घरी आल्यावर शब्द निघत नाहीत. पुरुष श्रोते इथे पहिल्यांदा काही बोलले. वखराचं समजावणारे आजोबा म्हणाले, त्यांनी बायकोला कधी फूलही आणलं नाही, आणि आता ती नाही. ते सांगून ते बसून राहिले, उठून गेले नाहीत.

सहाच्या वेळी पडवीत जागा नव्हती. ताईंनी रेझिया वाचली. आवाज बारीक, पण एकदाही अडखळल्या नाहीत. त्यांच्या लेकानं सेप्टिमसची वाक्यं वाचली, हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं. ती त्यांनी घरी बसवली होती. टोपीच्या भागात लोक हसले, हसायलाच हवं तिथे हसले. ‘भेकड’ हा शब्द सरांनी वाचला. त्यावर मागून एक बाई मोठ्यानं म्हणाली, “नव्हता तो.” सर थांबले, त्या बोलण्याला जागा दिली आणि पुढे वाचलं. नंतर आशा सेविकेशी दोघी जणी बराच वेळ बाजूला बसून बोलल्या. कोण, काय, ते इथे येणार नाही.

पार्टीला वीज गेली, म्हणून बॅटऱ्यांवर वाचलं. क्लॅरिसा खिडकीतून समोरच्या घरातल्या म्हातारीला झोपायला जाताना बघते, तो भाग मी वाचला. साडेनऊला संपलं.

२९ जून २०२५, रविवार

आढावा बैठक. पेरण्या चालू आहेत, तरी बहुतेक जण आले.

ताईंची संध्याकाळ आषाढी झाल्यावर, जुलैच्या मध्यात, त्यांच्याच ओसरीवर. त्या दिवशी फक्त रेझियाचे भाग क्रमानं वाचायचे : पार्कमधलं एकटेपण, मिलानच्या बहिणी, ब्रॅडशॉच्या दारातून बाहेर पडताना तिला आलेली निराशा, टोपी. सर ते वेगळे काढून देणार. ज्यांना स्वतःचं काही सांगायचं असेल त्यांनी सांगावं. लिहून घ्यायचं की नाही ते प्रत्येकीला विचारून.

पुढचं पुस्तक म्हणून मुलींनी १९२७चं ‘टू द लाइटहाऊस’ मागितलं, कारण त्यात आई आहे आणि चित्र काढणारी बाई आहे. काकूंनी अट घातली : नावं कमी असतील तरच. कमी आहेत. खर्ड्याची पहिली पानं दिवाळीपर्यंत हवीत. बारावीची मुलगी टाइप करायला शिकते आहे, तिला दादांनी वाचनालयाचा संगणक रोज पाच ते सहा दिला आहे.